पिराजी पैलवानाचे कान

सकाळी साडेसहाला शेडचं कुलूप काढलं आणि आधी पिराजी पैलवानांची मांडी बघितली. काल संध्याकाळी तिथे एक बारीक चीर दिसली होती. एप्रिलचा महिना, डोक्यावर पत्रा आणि सात फुटी शाडूचा पुतळा, म्हणजे जीव टांगणीलाच. चीर वाढली नव्हती. मी सगळी फडकी पुन्हा ओली करून गुंडाळली, फवारणीच्या पंपाने पाठीवर पाणी मारलं आणि दाराच्या पायरीवर येऊन बसले. अकरा वाजता पैलवानांची बायको पुतळा बघायला येणार होती.

आमच्या शेडमध्ये याला मातीची पसंती म्हणतात. पुतळा मातीत पुरा झाला की घरच्या माणसांना बोलवायचं. त्यांनी बघायचं, 'हां, हेच' म्हणायचं, आणि मगच त्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा. साचा काढताना माती फुटून जाते. मग नाक लांब वाटो की आखूड, जन्माचं झालं. पंधरा वर्षांत मी तीसएक पसंत्या काढल्या असतील. बहुतेक वेळा जीपभर माणसं येतात, चहा पितात, पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जाताना 'मॅडम, पोट जरा कमी करा' म्हणतात. मी कमी करते. मेलेल्या माणसाचं पोट कमी करायला पथ्य लागत नाही.

पण चार वर्षांपूर्वी मी एका गावच्या मास्तरांचा पुतळा केला. पसंतीला त्यांच्या बाई आल्या होत्या. सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या, पाच मिनिटं बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. कमिटीने 'झकास' म्हटलं, मला घाई होती, मी साचा काढला. वर्षभराने कळलं की त्या बाई त्या चौकातून जात नाहीत. दळण घेऊन जायचं असलं तरी मागच्या गल्लीने वळसा घालतात. कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं कोण परका माणूस उभा हाय, त्याच्या म्होरनं कशाला जायाचं?" हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अजूनही कधीकधी भाकरी मोडताना ते वाक्य आठवतं.

म्हणून पिराजींचं काम घेतानाच मी अट घातली. बायकोने बघून हो म्हटल्याशिवाय साचा नाही. त्यांचा मुलगा विजयसिंह तोंड वाकडं करून म्हणाला होता, "मॅडम, आईला दिसत न्हाय नीट. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ऱ्हायलंय. ती काय बघणार? मी बघतो की."

"तुम्ही बघाच. पण त्यांना आणा."

विजयसिंह म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेला, पण दंड अजून शर्टाच्या बाहीत न मावणारा माणूस. शहरात त्याची मोठी जिम आहे. वडील कुस्तीचे पैलवान, लाल मातीत आयुष्य गेलेलं, आणि हा आरशासमोर वजनं उचलणारा. पहिल्या भेटीत त्याने मला दोन फोटो दिले. एकात पिराजी म्हातारे, फेटा बांधलेला, कान फेट्याखाली. दुसऱ्यात तरुण, खांद्यावर गदा, पण इतक्या लांबून काढलेला की तोंडाच्या जागी अंगठ्याएवढा डाग. मग त्याने मोबाईल काढून तिसरा फोटो दाखवला. तो त्याच्या जिमच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरचा होता. संगमरवरी ग्रीक तरुण, सपाट पोट, बरगड्यांखाली चौकटी पाडल्यासारखे स्नायू.

"अस्सं पायजे. तोंड बाबांचं, बॉडी अशी. चौकात पोरं बघत ऱ्हायली पायजेत."

"कान कसे होते त्यांचे? फोटोत दिसत नाहीत."

तो क्षणभर थांबला. "कान साधंच घ्या. चांगलं घ्या."

मी कोल्हापूरची आहे. पैलवानाचा कान कसा असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डोक्याला डोकं घासून कानाच्या पाकळीत रक्त साकळतं आणि ती सुजून तशीच घट्ट होते. मला तेव्हाच खोदून विचारता आलं असतं. पण गिऱ्हाईक पोट कमी करायला सांगतं, चामखीळ काढायला सांगतं, तसंच हे, असं म्हणून मी गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर मला तो ग्रीक करायला मिळणार म्हणून आनंद झाला होता.

याला कारण माझं शिक्षण. आमच्या चित्रशाळेच्या व्हरांड्यात प्लास्टरचे ग्रीक ओळीने उभे असायचे. कुणाचा हात तुटलेला, कुणाच्या नाकाचा टवका गेलेला, पण आम्ही शरीर त्यांच्यावरूनच शिकलो. पहिलं वर्षभर मी एक कान काढत होते. नुसता कान. मला दुसरं शरीर ठाऊक होतं ते कुंभोजच्या बाहुबलीचं. लहानपणी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला दर वर्षी तिकडे न्यायचे, आणि ते गुळगुळीत खांदे, गुडघ्यापर्यंत आलेले हात, खाली ओघळलेले कान बघून मला वाटायचं की सुंदर माणूस म्हणजे असा. एकदा वर्गात मी हे बोलले. सरांनी बाहुबलीचा फोटो घेतला, पेन्सिल आडवी धरून मोजला आणि म्हणाले, "हात लांब, कान लांब, दंडाला स्नायू नाही. भक्ती ठीक आहे, पण शरीर चुकलंय. ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सगळं मोजून ठेवलंय, ते बघा." वर्ग हसला. मीही हसले, आणि पुढच्या वर्षी अण्णांनी विचारलं तर परीक्षेचं निमित्त सांगून कुंभोजला गेले नाही. याची लाज मला फार उशिरा वाटली.

पुढे वाचत गेले तसतसे ग्रीक वेगळेच निघाले. ते पांढरेशुभ्र पुतळे मुळात पांढरे नव्हतेच. आपण मारुतीला शेंदूर लावतो तसे तेही रंगवायचे, ओठ तांबडे, केस पिवळे, वस्त्रावर नक्षी. जमिनीत पडून रंग उडाला आणि मागे राहिलेल्या पांढऱ्याला जगाने सौंदर्य म्हटलं. त्यांच्या बायकांना म्हणे जुळलेल्या भुवया आवडायच्या, नसल्या तर काजळीने जोडून घ्यायच्या. माझ्या भुवया जन्मतः जुळलेल्या. मला बघायला पहिली मंडळी आली तेव्हा आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, मला धरून पार्लरात नेलं होतं आणि मधले केस उपटताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चुकीच्या गावात जन्मले, दुसरं काय. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी हातात माती आली की बोटं व्हरांड्यातल्या त्या ग्रीकांकडेच जायची, आणि पिराजींच्या बाबतीतही तेच झालं.

सात वाजता कृष्णातमामा आले. हे आमचे साचेवाले. साठी उलटली, पण प्लास्टर त्यांच्यासारखं कुणी ओतत नाही. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, फडकं बाजूला करून पिराजींचं पोट बघितलं आणि मान हलवली. गेला महिनाभर ते असंच मान हलवत होते.

"ताई, आज तरी बोलू का? राग मानू नगा."

"बोला."

"ह्यो पैलवान न्हाय. ह्यो जिमवाला हाय."

"मामा, अहो साचा ओतायच्या दिवशी सांगताय?"

"रोज सांगत हुतो की. मान हलवत न्हवतो व्हय? पैलवानाला पोट असतंय. रोजचं चार शेर दूध, तूप, बदाम, थंडाई. पोट न्हाय तर त्ये दूध गेलं कुठं?"

मामा पुतळ्याला वळसा घालून मागे गेले आणि मानेपाशी थांबले.

"मी धा वर्सांचा हुतो. खासबागेच्या मैदानात बाच्या खांद्यावर बसून ह्येंची कुस्ती बघितलीया. मान अशी, खांद्यातनंच फुटलेली. आन कान म्हंजे कांदाभजी. दोन्ही. लांबनं दिसायचं. आमी पोरं म्हनायचो, आपलं बी कान असं कवा हुतील."

"मग मला आधी का नाही सांगितलं कानांचं?"

"तुमी त्या कानावर आठ दिस बसला हुता. लई जीव लावून केलासा. मी म्हटलं, मालकानं तसंच सांगितलं असंल."

ते खरं होतं. तो कान म्हणजे माझं सगळ्यात चांगलं काम होतं. वर्षभर घोटलेला व्हरांड्यातला कान मी पिराजींच्या डोक्याला लावला होता, कडेची वळी, आतली वाटी, खालची पाळी, सगळं अचूक. मी फडकं काढलं आणि अंगठा त्या पाकळीवर ठेवला. जरा दाबला असता तर काम झालं असतं. पण दाबायचा कसा? खरा कान मी कुठे बघितला होता? आणि विजयसिंहाने येऊन आरडाओरडा केला तर? अनावरण पिराजींच्या पहिल्या पुण्यतिथीला, म्हणजे बावीस दिवसांनी. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. आज साचा झाला नाही तर त्यातून चौकात उभा करायचा फायबरचा पुतळा वेळेत निघणार नव्हता. मी अंगठा काढला आणि फडकं परत गुंडाळलं.

साडेदहापर्यंत मी शेड दोनदा झाडली. मामा म्हणाले, "आता तरी च्या घ्या." मी घेतला आणि तो अंगावर सांडला.

अकराला गाडी आली. विजयसिंहाने आईला हात धरून उतरवलं. चिमणाबाई बुटक्या, काटक, हिरवं नऊवारी लुगडं, डोळ्यावर ऑपरेशनवाल्यांचा काळा चष्मा. आत येताच त्यांनी चष्मा काढून कमरेला खोचला. मी नमस्कार केला. माझा हात त्यांनी हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "माती लागल्याला हात हाय. बरं हाय."

मामांनी आणि मी मिळून फडकी सोडली. खालून वर, पोटऱ्या, मांड्या, लंगोट, सपाट पोट, छाती, शेवटी तोंड. विजयसिंह दोन पावलं मागे सरकला आणि त्याचा चेहरा खुलला. "एक नंबर, मॅडम," तो म्हणाला, "एक नंबर!" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चिमणाबाईंकडे बघत होते.

त्या बघत राहिल्या. बराच वेळ. पत्रा तापून वाजत होता तेवढाच आवाज. मला मास्तरांच्या बाई आठवल्या आणि वाटलं, संपलं, पुन्हा तेच.

मग चिमणाबाई अदबीने विचारत्या झाल्या, "ह्ये पावनं कुठलं म्हनायचं?"

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आई, बाबा हायत," विजयसिंह म्हणाला.

"कुठं?" असं म्हणून त्या पुतळ्याच्या मागे बघायला गेल्या. तिथे कुणी नाही असं बघून परत समोर आल्या. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या इतक्या ओशाळल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं डोळं गेल्यात, बाय. तू मनावर घेऊ नगंस," त्या मला म्हणाल्या. "मला जरा वर चढव. हातानं बघते."

मामांनी स्टूल आणलं. एका बाजूने मी, एका बाजूने विजयसिंह, असं धरून आम्ही त्यांना वर उभं केलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बाजारात भाजी चाचपावी तसं बेधडक तोंड चाचपू लागल्या. "कपाळ हाय. नाक हाय, नाक बरं जमलंय. मिशी हाय." मला थोडा श्वास आला. मग त्यांचा हात गालावरून मागे गेला आणि कानावर थांबला. त्यांनी पाकळी दोन बोटांत धरली, वरून खाली, खालून वर. दुसऱ्या कानाला हात लावला. तिथेही तेच.

"ह्यो कान कुणाचा?"

याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी ग्रीक पोराचा. ते सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, "चुकला, आजी. माझा चुकला."

"आई, कान चांगलंच पायजेत म्हणून मीच सांगितलं," विजयसिंह म्हणाला. "चौकात मोडकं कान कशाला? माझी जिमची पोरं येणार, पुढारी येणार. लोक हसतील."

"हसतील?" चिमणाबाई स्टुलावरूनच वळल्या. "माझ्या बानं मला कान बघून दिली, ठावं हाय का तुला? दोन जागा आल्या हुत्या. येक लांब केसाचा, गोरापान, शिकल्याला. दुसरं ह्ये. आई म्हनली, ह्येचं कान बघा कसं, पोरगी भिईल. बा म्हनला, कान मोडल्यात म्हंजे पोरगा मातीत घासलाय, लबाड न्हवं. त्येचं कान सरळ हायत त्येनं काय केलंय त्ये मला ठावं न्हाय." त्या दमल्या, थांबल्या. मग आवाज खाली आला. "डावा कान लई ठनकायचा. उशीला लागला की झालं, रातभर डोळा न्हाय. म्हनून कायम उजव्या कुशीवर. पन्नासावर वर्सं झाली, भांडान असू दे, काय असू दे, झोपायचं म्हटलं की तोंड माझ्याकडंच. पाठ फिरवायची सोयच न्हवती त्येस्नी."

त्यांनी पुन्हा हात त्या गुळगुळीत कानावर ठेवला. "ह्यो कुठल्याबी कुशीवर झोपंल."

विजयसिंह मात्र चिडला होता. दुखावलेली माणसं चिडतात तसा. "मग आता काय, मॅडम? महिनाभर काय केलंसा? मी पोस्टर दावलं हुतं का न्हाय?"

तेव्हा माझाही पारा चढला. मी मोबाईल काढला आणि एक फोटो त्याच्यासमोर धरला. रोममधल्या एका संग्रहालयात ब्राँझचा एक ग्रीक बसलेला आहे. ठोसे खाऊन, झुंज संपवून, दगडावर बसलेला. नाक फुटलेलं, गालावर जखमा, त्या जखमांत शिल्पकाराने तांबडं तांबं भरलंय, रक्त दिसावं म्हणून. आणि दोन्ही कान सुजून, दुमडून, गोळा झालेले.

"हा घ्या तुमचा ग्रीक. तोही मोठा खेळाडू. त्यांच्याकडे कान मोडलेल्या माणसासाठी वेगळा शब्द होता, इतके असायचे तसे. लपवले नाहीत त्यांनी. करणाऱ्याने एकेक गाठ जीव लावून केलीय."

विजयसिंहाने मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी कान मोठा केला आणि बघत राहिला.

"ह्यो बी ग्रीक?"

"हो."

मग तो फोटोकडेच बघत म्हणाला, "मी चौदा वर्सांचा असताना बाबांनी मला तालमीत घातलं. दोन महिन्यांत माझा कान सुजला. मी रडत घरी आलो. डॉक्टरनं सुईनं रक्त काढलं आन मी परत गेलोच न्हाय. बाबा मला कायबी बोललं न्हाईत. मरेपातुर एक शब्द न्हाय." त्याने मोबाईल मला परत दिला. त्याचे कान अगदी सरळ, नीट होते. "तुमाला काय करायचं त्ये करा," असं म्हणून तो बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

मी तार घेतली. मातीच्या कामात तारेने कापतात. माझा आठ दिवसांचा कान एका ओढीत खाली आला आणि मी तो बघितला नाही, सरळ मातीच्या टोपलीत टाकला. दुसराही टाकला. आता दोन्ही बाजूंना नुसती भोकं. पुढे कसं जायचं ते मला माहीत नव्हतं, आणि पहिला गोळा दोनदा निसटून पडला. मामा शेजारी भिजवलेली माती मळत होते. घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलं आणि दर पाच मिनिटांनी बघत राहिले. बारा वाजले. साडेबारा. पहिला प्रयत्न चिमणाबाईंनी हात लावून सरळ नापास केला. "लईच मोडलास. जनावरानं चावल्यागत. तसं न्हाय."

"मग कसं, आजी?"

"वरची कड आत पडल्याली. हितं मागं गाठ, बोराएवढी. आन भोक बारीक. तेल घालायचं तर मी वात करून सोडायची, थेंब जायाचा न्हाय."

त्या सांगतील तसं मी करत गेले. कधी नव्हे ते माझ्या हाताला दुसऱ्याची आठवण ऐकावी लागत होती, आणि तो सवयीने पुन्हा पुन्हा सुबक वळीकडे धावत होता. शेवटी चिमणाबाईंनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचा अंगठा लावला. न दाबता नुसता ठेवला, मग हळूच थोडा वर, थोडा मागे. त्यांच्या अंगठ्याला ती जागा पाठ होती. मी त्याच्यामागून मातीचा एकेक थर देत गेले. उजवा कान डाव्यापेक्षा कमी मोडलेला होता हेही त्यांनी सांगितलं. दोन वाजता त्यांनी खाली वाकून पोटाला हात लावला आणि विचारलं, "उपाशी ठिवलंय व्हय ह्येस्नी?" मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण दोन टोपल्या माती तयारच ठेवलेली होती. पोट भरलं, कमरेची खोबण गेली, मान खांद्यात उतरली. व्हरांड्यातला ग्रीक हळूहळू कुठे निघून गेला कळलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. चित्रशाळेपासूनचा सोबती होता तो.

साडेतीनला विजयसिंह आत आला. फोनवर कुणाकुणाशी बोलून घसा बसला होता. त्याने एकदा वर बघितलं आणि तो दारातच थबकला. मग पुढे आला, आईला कमरेला धरून स्टुलावरून खाली उतरवलं आणि स्टूल बाजूला घेऊन उभा राहिला.

चिमणाबाईंनी कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, परत काढला. लुगड्याच्या टोकाने हात पुसले. पाच-सहा पावलं मागे गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकले. मनात म्हणत होते, बोला, काहीही बोला, नाही म्हणा, पण बोला.

त्या बघत होत्या. मग त्यांचा हात आपसूक खांद्याकडे गेला. घसरलेला पदर त्यांनी डोक्यावरून पुढे ओढला, कपाळापर्यंत, नीट, आणि मान किंचित खाली घातली.

"किती येळ उभं ऱ्हानार?" त्या म्हणाल्या. "बसा की आता."

विजयसिंहाच्या हातात स्टूल होतं. तो पुतळ्याच्या मागे गेला आणि ते त्याने तिथे ठेवलं.